चकवा लागलेला वाटसरू आणि रबराची साखळी

एक रबरबँड घ्या. जरा रुंद असेल तर उत्तम. तो ओठांना हलकेच टेकवून किती गार लागतो ते पाहा. आता तो झटकन ताणा आणि ताणलेला असतानाच पुन्हा ओठांना लावा. तो कोमट लागेल. तसाच ताणून धरून अर्धा मिनिट थांबा, म्हणजे तो पुन्हा हवेच्या तापमानाला येईल. मग एकदम सैल सोडा आणि लगेच ओठांना लावा. या वेळी तो चक्क गार लागेल.

इंग्लंडमधील जॉन गॉफ नावाच्या एका अंध विद्वानाने हे निरीक्षण १८०५ साली प्रसिद्ध केले. त्याने आणखी एक गोष्ट पाहिली. वजन टांगून ताणलेले रबर तापवले, तर ते लांब होण्याऐवजी आखडते आणि वजन वर उचलते! पुढे १८५९ मध्ये ज्यूल या प्रसिद्ध शास्त्रज्ञाने काळजीपूर्वक मोजमापे घेऊन या दोन्ही गोष्टी पक्क्या केल्या.

धातूची तार तापवली की लांब होते, हे तुम्ही उष्णतेच्या धड्यात शिकला आहात. मग रबराचेच असे उलटे का? या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता शास्त्रज्ञ नाणी उडवण्याच्या खेळापर्यंत आले आणि तेथून पुढे गणितातील अशा एका कोड्यापाशी पोचले, की जे आलेखकागदावर कोणालाही मांडता येते, पण पूर्णपणे अजून कोणालाच सुटलेले नाही. ही सगळी वाट आज आपण चालून पाहू.

मणी आणि माळ

रबर, पॉलिथिन, नायलॉन, कापसाचा तंतू, लोकर आणि आपले केस यांत एक साम्य आहे. या सर्वांचे रेणू म्हणजे लांबच लांब साखळ्या असतात. एकाच प्रकारच्या लहान लहान घटकांच्या कड्या एकमेकींत अडकवून ही साखळी तयार होते. अशा पदार्थांना बहुवारिके किंवा पॉलिमर म्हणतात. नैसर्गिक रबरात आयसोप्रीन या घटकाच्या हजारो कड्या एकापुढे एक जोडलेल्या असतात.

आज हे आपल्याला सरळ वाटते. परंतु १९२० साली हेर्मान श्टाउडिंगर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ही कल्पना मांडली, तेव्हा त्याच्या बरोबरीच्या अनेक नामवंतांना ती पटली नाही. इतका मोठा रेणू असूच शकत नाही, लहान रेणू नुसते एकमेकांना चिकटून बसले असतील, असे त्यांचे म्हणणे होते. श्टाउडिंगरने अनेक वर्षे नेटाने पुरावे गोळा केले. शेवटी त्याचेच म्हणणे खरे ठरले आणि १९५३ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

साखळी किती लांब असते? समजा, एका रेणूत १०,००० कड्या आहेत आणि प्रत्येक कडी साबुदाण्याएवढी, म्हणजे ३ मिलिमीटरची आहे. मग ही माळ सरळ ओढून धरली, तर ३० मीटर लांब होईल. पण द्रवात असलेला रेणू असा ताठ उभा राहत नाही. भोवतालचे रेणू उष्णतेमुळे सतत धावत असतात. त्यांच्या धडकांनी साखळी क्षणोक्षणी वाकते, वळते, पुन्हा उलगडते. तिचा आकार एका क्षणी एक, तर दुसऱ्या क्षणी दुसराच. मग आपण विचारायचे तरी काय? असे विचारू, की या माळेची दोन टोके एकमेकांपासून सरासरी किती अंतरावर असतील? तीस मीटर नक्कीच नव्हे. मग दहा मीटर? एक मीटर? की एक वीत?

चकवा लागलेला वाटसरू

रात्रीच्या वेळी रानात चकवा लागलेल्या वाटसरूच्या गोष्टी तुम्ही ऐकल्या असतील. आपला वाटसरू तसाच आहे. तो एका चौकात उभा आहे. पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण, कोठे जावे हे त्याला कळत नाही. तो कोणत्या तरी एका दिशेला एक पाऊल टाकतो. पुढच्या चौकात आला, की मागचे सारे विसरून पुन्हा तसेच करतो. अशा चालीला स्वैर चाल म्हणतात. कार्ल पिअर्सन या संख्याशास्त्रज्ञाने १९०५ मध्ये ‘नेचर’ या साप्ताहिकात असाच प्रश्न वाचकांना विचारला होता. ध्वनीच्या अभ्यासात आपण हे गणित पूर्वीच सोडवले आहे, असे उत्तर लॉर्ड रॅले यांनी त्याला दिले. भारतात जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांनी १९४३ मध्ये या विषयावर एक विस्तृत लेख लिहिला. तो पुढे अनेक वर्षे शास्त्रज्ञांच्या अभ्यासात राहिला.

वाटसरूच्या पाऊलखुणा जोडल्या, की झाली आपली साखळी! प्रत्येक पाऊल म्हणजे एक कडी. वाटसरू सुटला तेथून जितका दूर पोचला, तितके साखळीच्या दोन टोकांमधले अंतर.

करून पाहा : आलेखकागदाच्या मध्यावर एक ठिपका द्या. दोन वेगवेगळी नाणी एकदम उडवा. छापा-छापा पडल्यास एक घर उजवीकडे, काटा-काटा पडल्यास डावीकडे, छापा-काटा पडल्यास वर आणि काटा-छापा पडल्यास खाली जा. अशी १०० पावले टाका. मग आरंभापासूनचे अंतर पट्टीने मोजा. वर्गातील चाळीस मुलांनी हे केले, तर प्रत्येकाचे उत्तर वेगळे येईल. परंतु प्रत्येक अंतराचा वर्ग करून त्या चाळीस वर्गांची सरासरी काढली, तर ती १०० च्या आसपास येईल. म्हणजे शंभर पावले टाकूनही आपला वाटसरू साधारणपणे दहाच घरे दूर गेलेला असतो.

वर्गमुळाचा नियम

हे दहा कोठून आले? ते पाहायला नववीचे बीजगणित पुरते. समजा, काही पावलांनंतर वाटसरू आरंभापासून क्ष घरे उजवीकडे आणि य घरे वर आहे. पायथागोरसच्या सिद्धांताप्रमाणे अंतराचा वर्ग क्ष² + य² इतका झाला. पुढच्या पावलाने चारपैकी एक गोष्ट घडेल :

उजवीकडे गेला, तर अंतराचा वर्ग क्ष² + य² + २क्ष + १;
डावीकडे गेला, तर क्ष² + य² – २क्ष + १;
वर गेला, तर क्ष² + य² + २य + १;
खाली गेला, तर क्ष² + य² – २य + १.

या चारांची बेरीज करून चाराने भागा. २क्ष आणि २य असलेली पदे एकमेकांना खाऊन टाकतात आणि सरासरी उरते क्ष² + य² + १. म्हणजे वाटसरू कोठेही असो, प्रत्येक पावलाला अंतराच्या वर्गात सरासरीने बरोबर एकाची भर पडते. न पावलांनंतर अंतराच्या वर्गाची सरासरी न होते, आणि अंतर साधारणपणे √न.

पुढचे पाऊल कोणत्या दिशेला पडेल हे आपण सांगू शकत नाही, पण दहा हजार पावलांचा निकाल मात्र सांगू शकतो. बेशिस्तीतून शिस्त निर्माण होते ती अशी. या प्रकारच्या हिशेबावर उभ्या असलेल्या भौतिकीच्या शाखेला सांख्यिकीय भौतिकी म्हणतात.

आता आपल्या माळेकडे वळू. १०,००० चे वर्गमूळ १००. म्हणजे तीस मीटरची माळ साधारण १०० कड्यांच्या अंतरात, अवघ्या ३० सेंटिमीटरमध्ये गुंडाळलेली असेल! खऱ्या रेणूतील लगतच्या कड्या हव्या तशा वळू शकत नाहीत हे खरे; पण काही कड्यांचा तुकडा म्हणजे एक पाऊल असे धरले, की तोच नियम लागू पडतो. वेर्नर कून या शास्त्रज्ञाने १९३४ मध्ये ही युक्ती वापरली.

रबर का आखडते?

कूनने आणि त्याच सुमारास गूट व मार्क या दोघांनी दाखवून दिले, की रबराच्या ताणाचे रहस्य याच गुंडाळीत आहे. त्यासाठी एक छोटी साखळी घेऊ. तिला दहाच कड्या आहेत आणि प्रत्येक कडी फक्त उजवीकडे किंवा डावीकडे वळू शकते. मग साखळीच्या एकूण रचना होतात २ चा दहावा घात, म्हणजे १,०२४.

साखळीचे टोक उजवीकडे दहा घरांवर, म्हणजे पूर्ण ताणलेले असेल, अशी रचना फक्त एक. आठ घरांवर असेल, अशा रचना १०. सहा घरांवर ४५, चार घरांवर १२०, दोन घरांवर २१० आणि दोन्ही टोके एकाच ठिकाणी असतील, अशा रचना २५२. दहाऐवजी शंभर कड्या घेतल्या, तर पूर्ण ताणलेली रचना पुन्हा एकच, पण टोके एकत्र येण्याच्या रचनांची संख्या एकावर २९ शून्ये इतकी प्रचंड होते.

यात कोणतीही रचना दुसरीपेक्षा लाडकी नाही. उष्णतेच्या धडकांनी साखळी एका रचनेतून दुसरीत जात राहते. पण गुंडाळलेल्या रचनाच इतक्या जास्त आहेत, की तुम्ही साखळी ताणून सोडली की ती त्यांतच जाऊन पडते. तिला आत कोणी ओढत नाही. नुसत्या संख्येच्या जोरावर ती आखडते. पोलादी स्प्रिंग ताणली की अणूंमधील बंध ताणले जातात. रबर ताणताना बंध जवळजवळ तसेच राहतात, फक्त रचना कमी होतात. म्हणून तुमच्या हाताने केलेले काम बंधांत साठून न राहता उष्णतेच्या रूपाने बाहेर येते आणि ओठांना रबर कोमट लागते. तापमान वाढवले की धडका जोरदार होतात, साखळी जास्त जोराने आखडते आणि टांगलेले वजन वर चढते. गॉफचे कोडे सुटले!

रबर किती ताणता येईल, याचाही अंदाज येतो. टायरच्या किंवा रबरबँडच्या रबरात गंधकाने साखळ्यांना जागोजाग गाठी मारलेल्या असतात. अशा दोन गाठींमध्ये १०० पावले असतील, तर साखळी सैल असताना १० पावलांएवढी आणि पूर्ण ताणल्यावर १०० पावलांएवढी होईल, म्हणजे दहापट. चांगले रबर सहा-सातपट ताणले जाते, हे लक्षात घेतले तर एवढ्या साध्या हिशेबाला हे यश कमी नव्हे.

एका जागी एकच मणी

आता चाणाक्ष वाचक एक शंका काढतील. चकवा लागलेला वाटसरू त्याच चौकात पुन्हा पुन्हा येऊ शकतो. पण माळेचे दोन मणी एकाच जागी कसे बसतील? प्रत्येक कडी आपली जागा अडवून बसते. तेथे दुसरीला प्रवेश नाही. तेव्हा आपल्या वाटसरूला एक नवी अट घातली पाहिजे : ज्या चौकात एकदा पाऊल पडले, तेथे पुन्हा यायचे नाही. या चालीला आपण स्वतःला टाळणारी चाल म्हणू.

अट एका ओळीची, पण तिने सगळे गणित बदलते. पूर्वीच्या वाटसरूला मागचे काही आठवावे लागत नव्हते. आता दहा हजाराव्या पावलाला पहिल्या पावलाचीही आठवण ठेवावी लागते. वर केलेली चार ओळींची युक्ती येथे चालत नाही, कारण चारही वाटा नेहमी मोकळ्या नसतात.

अशा वाटा किती, ते मोजू. एका पावलाच्या वाटा ४. दुसऱ्या पावलाला मागे वळायचे नाही, म्हणून ४ × ३ = १२. तीन पावलांच्या ३६. चार पावलांच्या? तुम्ही ३६ × ३ = १०८ म्हणाल; पण त्यांपैकी ८ वाटा एका चौकोनाला वळसा घालून आरंभाच्याच ठिकाणी येतात. त्या वजा केल्या की उरतात १००. त्यापुढच्या संख्या २८४, ७८०, २,१७२, ५,९१६, १६,२६८ आणि दहा पावलांसाठी ४४,१००. कोणतीही अट नसती, तर दहा पावलांच्या वाटा १०,४८,५७६ झाल्या असत्या. म्हणजे शंभरांत जेमतेम चार वाटा नव्या अटीत बसतात.

या संख्यांना एखादे सूत्र आहे का? अद्याप कोणालाही सापडलेले नाही. २०१३ पर्यंत संगणकाच्या साहाय्याने ७९ पावलांपर्यंतच्या वाटा मोजून झाल्या होत्या. ती शेवटची संख्या ३५ अंकी आहे. जॉन हॅमर्सली या इंग्रज गणितज्ञाने १९५७ मध्ये एवढे सिद्ध केले, की पावलांची संख्या खूप वाढवत नेल्यास प्रत्येक पावलामागे वाटांची संख्या एका ठरावीक पटीने वाढते. चौकोनी जाळीसाठी ही पट सुमारे २.६३८ आहे. तिची नेमकी किंमत मात्र माहीत नाही.

करून पाहा : मघाच्याच आलेखकागदावर नाण्यांचा खेळ पुन्हा खेळा, पण आपल्या रेघेवरील कोणत्याही बिंदूवर पुन्हा जाऊ नका. बंद वाट आली, तर नाणी पुन्हा उडवा. थोड्याच वेळात एक गंमत होईल : वाटसरू चारी बाजूंनी कोंडला जाईल! वर, उजवीकडे, उजवीकडे, खाली, खाली, डावीकडे, वर अशी सात पावले टाकून पाहा. आठव्या पावलाला जागाच नाही. असा खेळ पुष्कळ वेळा खेळल्यास कोंडी होईपर्यंत सरासरी सुमारे ७१ पावले पडतात. दहा हजार कड्यांची साखळी संगणकावर तयार करण्यासाठी शास्त्रज्ञांना वेगळ्या युक्त्या का शोधाव्या लागल्या, हे यावरून ध्यानात येईल.

फ्लोरीचा ताळेबंद

स्वतःला टाळणारी साखळी साध्या साखळीपेक्षा अधिक फैलावणार हे उघड आहे. पण किती? याचे पहिले चांगले उत्तर पॉल फ्लोरी या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९४९ मध्ये दिले. नायलॉनचा शोध लावणाऱ्या कॅरदर्सच्या हाताखाली तरुणपणी काम केलेला हा माणूस. त्याचा विचार एखाद्या दुकानदाराच्या ताळेबंदासारखा आहे.

समजा, सपाट पृष्ठभागावर पडलेल्या न कड्यांच्या साखळीचा पसारा ल इतका आहे. न कड्या ल² एवढ्या क्षेत्रफळात आहेत, म्हणून गर्दी न ÷ ल². प्रत्येक कडीला या गर्दीचा त्रास होतो. तेव्हा एकूण त्रास न × न ÷ ल², म्हणजे न² ÷ ल². हा त्रास कमी करायचा तर साखळी फैलावली पाहिजे. पण फैलावली की रबराप्रमाणे आखडण्याची ओढ वाढते. नाण्यांच्या हिशेबावरून ही ओढ ल² ÷ न या प्रमाणात येते. एकीकडे गर्दी बाहेर ढकलते, दुसरीकडे ओढ आत खेचते. दोन्ही बाजू जमल्या की साखळी स्थिरावते :

न² ÷ ल² = ल² ÷ न, म्हणजेच ल⁴ = न³.

म्हणून ल हे न च्या तीनचतुर्थांश घाताइतके. आपल्या तीनमितीय जगात क्षेत्रफळ ल² ऐवजी घनफळ ल³ घ्यायचे. मग ल⁵ = न³ मिळते आणि घातांक होतो तीनपंचमांश. साध्या वाटसरूचा घातांक अर्धा होता, हे विसरू नका.

घातांकातील हा फरक किरकोळ वाटतो, पण आपल्या साबुदाण्याच्या माळेला लावून पाहा. १०,००० कड्यांची माळ साध्या नियमाने १०० कड्यांएवढी, म्हणजे ३० सेंटिमीटर पसरत होती. स्वतःला टाळणारी माळ द्रवात सुमारे २५० कड्यांएवढी, म्हणजे ७५ सेंटिमीटर पसरेल. आणि जमिनीवर सपाट पसरली, तर १,००० कड्यांएवढी, म्हणजे तब्बल ३ मीटर!

मग रबराचे स्पष्टीकरण चुकले की काय? नाही. फ्लोरीनेच सांगितले, की साखळ्यांची जेथे दाट गर्दी असते तेथे प्रत्येक साखळीभोवती सगळीकडे सारखीच दाटी असते. आत राहिले काय आणि बाहेर फैलावले काय, त्रास तेवढाच. म्हणून फैलावण्यात फायदा नसतो आणि साधा वर्गमुळाचाच नियम चालतो. हे त्या वेळी अनेकांना पटले नाही, परंतु १९७० नंतरच्या दशकात न्यूट्रॉनांच्या प्रयोगांनी ते खरे ठरवले. फ्लोरीला १९७४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

डोळ्यांनी पाहिलेली चाल

तीनचतुर्थांश हा घातांक प्रत्यक्षात दिसतो का? म्युनिकमधील मायर आणि रेडलर या दोन शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. आपल्या पेशीतील डीएनए हीसुद्धा एक लांब साखळीच आहे. त्यांनी चरबीसदृश रेणूंचा एक पातळ, प्रवाही पडदा तयार केला आणि त्यावर डीएनएचे वेगवेगळ्या लांबीचे रेणू सोडले. ते पडद्याला चिकटून राहत, पण त्यावर मोकळेपणाने सरकत व वळवळत. चमकणारा रंग दिल्यामुळे एकेक रेणू सूक्ष्मदर्शकातून दिसे. लांबीनुसार पसारा कसा वाढतो ते मोजल्यावर घातांक आला ०.७९, आणि मापनात ०.०४ इतकी चूकभूल धरायची. म्हणजे ०.७५ हे उत्तर त्यात बसते. अर्धा मात्र मुळीच बसत नाही. आलेखकागदावरचा खेळ जीवनाच्या धाग्यालाही लागू पडला!

सोपा प्रश्न, अवघड पुरावा

येथे एक विलक्षण गोष्ट सांगितली पाहिजे. फ्लोरीच्या ताळेबंदातील दोन्ही बाजू काटेकोरपणे पाहिल्यास अचूक नाहीत. त्यांतील चुका एकमेकींना जवळजवळ खोडून काढतात, म्हणून उत्तर चांगले येते. संगणकावर कोट्यवधी पावलांच्या चाली काढून तपासले असता तीन मित्यांतील घातांक ०.६ नसून ०.५८७६ असल्याचे दिसते. सपाट पृष्ठभागावर मात्र तीनचतुर्थांश हे उत्तर तंतोतंत बरोबर असावे, असे सगळे मानतात.

असे मानण्याला कारणे आहेत. १९७२ मध्ये पिएर-जील द जेन या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने दाखवले, की स्वतःला टाळणाऱ्या चालीचे गणित आणि तापवल्यावर चुंबकत्व गमावणाऱ्या चुंबकाचे गणित यांत जवळचे नाते आहे. फक्त त्या चुंबकाच्या दिशांची संख्या शून्य धरावी लागते! असा चुंबक जगात कोठेही नाही, पण गणितात तो बिनतक्रार चालतो. द जेनला १९९१ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. याच वाटेने जाऊन निएनहाउस या डच शास्त्रज्ञाने १९८२ मध्ये तीनचतुर्थांश हा घातांक काढला. शिवाय मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या षटकोनी जाळीवर प्रत्येक पावलामागे वाटा किती पटीने वाढतात, याचेही त्याने नेमके उत्तर दिले : २ मध्ये २ चे वर्गमूळ मिळवायचे आणि त्या बेरजेचे पुन्हा वर्गमूळ घ्यायचे. ही पट सुमारे १.८४८ भरते.

परंतु भौतिकशास्त्रज्ञांचा युक्तिवाद आणि गणितज्ञांचा पुरावा यांत अंतर असते. षटकोनी जाळीच्या या सूत्राचा निर्दोष पुरावा २०१० मध्ये, म्हणजे तब्बल २८ वर्षांनी, द्युमिनिल-कोपँ आणि स्मिरनॉव या दोघांनी दिला. स्मिरनॉवला २०१० चे आणि द्युमिनिल-कोपँला २०२२ चे फील्ड्स पदक मिळाले, ते संभाव्यता व भौतिकी यांच्या सीमेवरील अशाच कामासाठी.

या कोड्यात भारताचाही वाटा आहे. दीपक धर यांनी १९७८ मध्ये काही विशेष जाळ्यांवर हा प्रश्न अचूक सोडवून दाखवला. त्रिकोणात त्रिकोण, त्याच्याही आत त्रिकोण, अशी या जाळ्यांची रचना असते. कोणताही लहान भाग मोठा करून पाहिला तर तो पूर्ण जाळीसारखाच दिसतो. अशा जाळीवर एका पायरीचे गणित सुटले, की पुढच्या सर्व पायऱ्यांचे सुटते. धर यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अनेक वर्षे काम केले व नंतर ते पुण्याच्या आयसर या संस्थेत आले. सांख्यिकीय भौतिकीतील सर्वोच्च मानले जाणारे २०२२ चे बोल्टझमान पदक त्यांना हॉपफिल्ड यांच्याबरोबर मिळाले. हे पदक मिळवणारे ते पहिले भारतीय.

मग उरले काय? पाच किंवा त्याहून अधिक मित्यांत मोकळी जागा इतकी असते, की वाटसरूला आपली जुनी वाट क्वचितच भेटते, आणि घातांक पुन्हा अर्धाच येतो. हे हारा आणि स्लेड यांनी १९९२ मध्ये सिद्ध केले. पण ज्या तीन मित्यांत आपण राहतो आणि ज्या दोन मित्यांत आपण कागदावर रेघा ओढतो, तेथे घातांकाचा पुरावा नाही. इतकेच काय, स्वतःला टाळणारी चाल साध्या चालीपेक्षा अधिक दूर जाते, ही डोळ्यांना दिसणारी गोष्टदेखील या दोन ठिकाणी कोणी निर्विवादपणे सिद्ध केलेली नाही. प्रयोग होय म्हणतो, संगणक होय म्हणतो, पुरावा मात्र अजून वाट पाहतो आहे.

विज्ञानातील न सुटलेले प्रश्न नेहमी अवजड यंत्रांमागे किंवा अगम्य चिन्हांमागेच लपलेले असतात असे नाही. काही प्रश्न पेन्सिल आणि आलेखकागद घेऊन बसणाऱ्या मुलासमोरही उभे असतात. आपल्यापैकी कोणी त्यातला एखादा पुढे सोडवला, तर आश्चर्य वाटायला नको. तोपर्यंत हाताला सराव म्हणून हे करून पाहा : षटकोनी जाळी काढा. तिच्या प्रत्येक बिंदूपाशी तीन रेघा मिळतात. एका बिंदूपासून स्वतःला टाळणाऱ्या वाटा मोजा. एका पावलाच्या ३, मग ६, १२, २४ आणि ४८ येतील. सहा पावलांच्या वाटा मात्र ४८ ची दुप्पट ९६ येणार नाहीत, ९० येतील. उरलेल्या सहा वाटा कोठे गेल्या, ते शोधून काढा.